पुरुषांची एस्ट्रॅडिओल चाचणी: कोणती पद्धत, कधी आणि कशासाठी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एका लॅबमध्ये एस्ट्रॅडिओल २४ येतं, आठवड्याभराने दुसरीकडे ४१ येतं, आणि माणूस घाबरून इंटरनेट उघडतो. बऱ्याचदा शरीरात काहीच बदललेलं नसतं, फक्त मोजण्याची पद्धत बदललेली असते. खालची उत्तरं त्या घाबरलेल्या माणसासाठी आहेत, आणि रिपोर्टमधला आकडा पाहून लगेच गोळी सुरू करायला निघालेल्यासाठीही.

एस्ट्रॅडिओल हे बायकांचं हार्मोन ना? पुरुषात ते कशाला मोजायचं?

पुरुषालाही ते लागतं, आणि चांगलंच लागतं. टेस्टोस्टेरॉनचा थोडासा भाग ॲरोमॅटेज नावाच्या एन्झाइममुळे एस्ट्रॅडिओलमध्ये बदलतो. यातलं बरंचसं काम चरबी, स्नायू, त्वचा, मेंदू अशा ठिकाणी चालतं. वृषणातून थेट येणारा वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो. हाडं टिकवणं, चरबी आटोक्यात ठेवणं, कामेच्छा या सगळ्यांत त्याचा हात आहे.

१९९४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद आली. त्याच्या पेशींना एस्ट्रोजेनचा (एस्ट्रॅडिओल हे त्या गटातलं मुख्य हार्मोन) संदेश ऐकूच येत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होती, हाडांचं वय १५ वर्षांच्या मुलाइतकं, हाडं विरळ. टेस्टोस्टेरॉन मात्र ठीक होतं. पुरुषाच्या हाडांची वाढ एस्ट्रोजेनशिवाय थांबत नाही, हे या एका रुग्णाने दाखवून दिलं. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेत सुमारे ४०० निरोगी पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांचं स्वतःचं हार्मोन बंद करून वेगवेगळ्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन दिलं, आणि निम्म्यांना त्यासोबत ॲरोमॅटेज अडवणारी गोळी दिली. अंगावरची चरबी वाढण्यामागे मुख्यतः एस्ट्रोजेनची कमतरता निघाली, आणि कामेच्छा घटण्यातही तिचा वाटा होता.

मग ते मोजण्यात अडचण काय आहे?

प्रमाण. प्रौढ पुरुषाच्या रक्तात एस्ट्रॅडिओल ढोबळमानाने १० ते ४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. बाईच्या पाळीच्या चक्रात बीज सुटण्याआधी हाच आकडा काही शेकड्यांत जातो, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात हजारांत, गरोदरपणात त्याहूनही वर. नेहमीची मशीन आणि किट प्रामुख्याने या मोठ्या आकड्यांसाठी घडवली गेली. स्त्रीरोगतज्ज्ञाला ९०० आहे की १८०० हे कळलं की पुरतं. पुरुषात प्रश्न १८ की २८ असा असतो. ट्रकच्या वजनकाट्यावर अंगठी तोलायला ठेवावी, तशातला हा प्रकार.

त्यात भर म्हणजे त्याच रक्तात एस्ट्रॅडिओलसारखी दिसणारी भावंडं भरपूर असतात. एकटं टेस्टोस्टेरॉनच एस्ट्रॅडिओलच्या साधारण दोनशे पट असतं. शिवाय एस्ट्रोन हे दुसरं एस्ट्रोजेन आणि त्याचे सल्फेटसारखे अवतार.

गल्लीतल्या लॅबमध्ये कोणती पद्धत वापरतात?

जवळपास नेहमीच इम्युनोअसे. रिपोर्टवर सीएलआयए, ईसीएलआयए, सीएमआयए किंवा एलिसा असं काहीतरी लिहिलेलं असतं. रोश, ॲबॉट, बेकमन, सीमेन्स या कंपन्यांची स्वयंचलित मशीन तुम्ही लॅबच्या काचेपलीकडे पाहिलीही असतील. नावं वेगळी असली तरी गाभा एकच: एस्ट्रॅडिओलला धरणारी अँटीबॉडी.

थायरॉइडच्या चाचणीतल्या टीएसएचसारखा मोठा रेणू दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडता येतो. एस्ट्रॅडिओल त्यासाठी फारच लहान आहे, त्याचं रेणूभार जेमतेम २७२. म्हणून इथे स्पर्धा लावावी लागते. अँटीबॉडी मोजकीच ठेवतात. तिच्यावर जागा मिळवायला तुमच्या रक्तातलं एस्ट्रॅडिओल आणि कंपनीने खूण लावलेलं एस्ट्रॅडिओल एकमेकांशी झगडतात. तुमचं जास्त असेल तर खुणेचं कमी चिकटतं आणि प्रकाश मंद पडतो. तुमचं अगदी कमी असेल तर प्रकाश जवळजवळ पूर्ण असतो, आणि पूर्ण प्रकाश व पूर्णाहून किंचित कमी प्रकाश यांतला फरक ओळखायचा असतो. पुरुषाचा आकडा नेमका याच टोकाला येतो.

दुसरी गोम अँटीबॉडीच्या निवडीची. समजा तिने टेस्टोस्टेरॉनला हजारात एक इतकंच चुकून धरलं. ऐकायला नगण्य वाटतं. पण पुरुषात टेस्टोस्टेरॉन ६००० पिकोग्रॅम असेल तर त्याचा हजारावा भाग ६ होतो, आणि खरं एस्ट्रॅडिओल २० असेल तर रिपोर्ट २६ दाखवणार. चांगल्या किटची चूक यापेक्षा कमी असते, तरी हिशेब असाच चालतो. तिसरी गोष्ट म्हणजे रक्तातलं बहुतेक एस्ट्रॅडिओल प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते आधी सोडवावं लागतं. स्वयंचलित मशीनवर हे काम काही मिनिटांत एका रसायनाच्या जोरावर उरकतात, आणि प्रत्येकाच्या रक्तात ते सारखं साधत नाही.

एलसी-एमएस/एमएस म्हणजे काय? ते वेगळं कसं?

ही मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूला वजनाने ओळखण्याची पद्धत. लॅबमधले लोक तिला नुसतं ‘मास स्पेक’ म्हणतात. इथे अँटीबॉडीचा संबंधच नाही. सॅम्पलमध्ये सुरुवातीलाच जड अणू घातलेलं एस्ट्रॅडिओल ठरलेल्या मात्रेत मिसळतात. मग द्रावकाने हार्मोन रक्तातून बाहेर काढतात, स्तंभातून नेऊन बाकीच्या स्टेरॉइडपासून वेगळं करतात आणि पुढे वजनानुसार गाळतात. निवडलेला रेणू फोडतात आणि त्याचे तुकडेही वजनाने ओळखतात. वाटेत काही सांडलं तर खरं आणि जड दोन्ही सारख्याच प्रमाणात सांडतं, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. मला या पद्धतीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते.

चांगल्या मास स्पेक लॅबला १ ते २ पिकोग्रॅमपर्यंत भरवशाने मोजता येतं. जीसी-एमएस ही तिची थोरली बहीण. अचूक, पण संथ आणि जास्त रक्त मागणारी. आता ती मुख्यतः संशोधनात दिसते.

दोन्ही पद्धती खरोखर शेजारी ठेवून कोणी पाहिल्या आहेत का?

हो, आणि पुरुषांवरच. युरोपातल्या पुरुषांच्या वार्धक्यावरच्या मोठ्या अभ्यासातल्या ३१७४ जणांचं रक्त स्वयंचलित इम्युनोअसेवर आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीवर तपासलं गेलं. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत दोन्ही पद्धती चांगल्या जुळल्या. एस्ट्रॅडिओलच्या बाबतीत जुळणी कच्ची निघाली.

पुढच्या वर्षी त्याहून विचित्र गोष्ट समोर आली. इम्युनोअसेने मोजलेलं एस्ट्रॅडिओल आणि सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाचा निर्देशक, यांचं नातं दिसत होतं. मास स्पेकने मोजल्यावर ते नातं नाहीसं झालं. दाह असलेल्या माणसाच्या रक्तातलं काहीतरी इम्युनोअसेच्या आकड्यात मिसळत असावं, असा अर्थ संशोधकांनी काढला. ‘लठ्ठ, आजारी पुरुषात एस्ट्रोजेन वाढतं’ अशी जुनी विधानं वाचताना ते कशाने मोजलं होतं हे आधी बघावं. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने एस्ट्रॅडिओल मोजण्यातल्या अडचणींवर स्वतंत्र निवेदन काढलं.

रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह एस्ट्रॅडिओल’ लिहिलंय. म्हणजे मास स्पेकच ना?

तसं धरून चालू नका. इथे पुष्कळ जण फसतात. बेकमनचं ‘सेन्सिटिव्ह’ नावाचं किट हे इम्युनोअसेच आहे. आधीच्या किटपेक्षा खालच्या टोकाला ते बरं आहे, तरी पद्धत अँटीबॉडीचीच. उलट अमेरिकेतल्या काही लॅब ‘सेन्सिटिव्ह’ किंवा ‘अल्ट्रासेन्सिटिव्ह’ या नावाने मास स्पेकच करून देतात. म्हणून चाचणीचं नाव सोडा आणि ‘पद्धत’ किंवा ‘मेथड’ या शब्दापुढे काय आहे ते वाचा.

पूर्वी रेडिओइम्युनोअसे (आरआयए) असायचं, त्याचं काय झालं?

या साऱ्या घराण्याचा मूळपुरुष तोच. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्यासाठी ही पद्धत उभी केली, आणि यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे वाशीच्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेने थायरॉइडची आरआयए किट तयार केली आणि एका पिढीतल्या लॅबवाल्यांचे हात त्यांवर बसले. रक्तातून हार्मोन आधी वेगळं काढून, गाळून मग केलेलं आरआयए पुरुषांच्या पातळीलाही उत्तम चालायचं. वेगळं न काढता थेट सीरमवर केलेल्या आरआयएचे दोष मात्र आजच्या इम्युनोअसेसारखेच. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याची कटकट आणि दिवसभराचं काम यामुळे ते मागे पडलं.

लाळेतून किंवा लघवीतून मोजलं तर?

पुरुषासाठी नको. लाळेत प्रमाण आणखी कितीतरी खाली जातं, आणि ते बहुधा एलिसावर मोजतात. रक्तात जे नीट जमत नाही ते तिथे कसं जमणार?

माझ्या लॅबची पद्धत कशी शोधायची?

रिपोर्टवर चाचणीच्या नावाखाली बारीक अक्षरांत असते. नसेल तर कलेक्शन सेंटरवर विचारा. तिथल्या मुलाला माहीत नसेल तर लॅबच्या बायोकेमिस्टशी बोलायला मागा, तो तुमचा हक्क आहे. तीन गोष्टी विचारा: पद्धत कोणती, किती पिकोग्रॅमच्या खाली तुम्ही आकडा देत नाही, आणि ही चाचणी तुमच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) व्याप्तीत आहे का. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण एनएबीएलची मान्यता सरसकट लॅबला मिळत नाही, ती चाचणीगणिक असते. दारावर बोधचिन्ह असतं आणि एस्ट्रॅडिओल त्या यादीत नसतं, असं होऊ शकतं.

भारतात मास स्पेकवरचं एस्ट्रॅडिओल काही मोठ्या रेफरल लॅबच करतात. जिल्ह्याच्या गावातून सॅम्पल तिथे थंड डब्यातून जातं. रिपोर्टला काही दिवस लागतात आणि पैसेही साध्या चाचणीपेक्षा बरेच जास्त पडतात.

लंडनच्या भावाचा रिपोर्ट ११० आहे आणि माझा ३०. त्याचं चौपट आहे का?

नाही, दोन्ही एकच आहेत. ब्रिटनमध्ये आणि इतर बऱ्याच देशांत आकडा पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात. आपल्याकडच्या पिकोग्रॅमला ३.६७ ने गुणलं की पिकोमोल मिळतात.

सामान्य मर्यादा लॅबगणिक वेगळी का?

कारण ती त्या पद्धतीची आणि ज्या लोकांवर ती ठरवली त्यांची असते. मास स्पेक वापरणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकची लॅब प्रौढ पुरुषांसाठी १० ते ४० देते, तर क्वेस्टच्या अल्ट्रासेन्सिटिव्ह चाचणीत २९ पर्यंत सामान्य धरतात. ३४ आकडा एकीकडे सामान्य, दुसरीकडे ‘जास्त’ असा ठळक अक्षरात. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘आदर्श’ आकड्यांशी तर मुळीच नाही.

त्याच लॅबमध्ये तीन महिन्यांत २४ चं ३० झालं. वाढलं ना?

कदाचित वाढलं, कदाचित नाही. चाचणीची स्वतःची सांडलवंड (तेच रक्त पुन्हा मोजल्यावर येणारा फरक) ८ टक्के आणि माणसाचा रोजचा चढउतार १० टक्के धरला, तर दोन्ही मिळून साधारण १३ टक्के होतात (यांची सरळ बेरीज करत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात). दोन आकड्यांतला फरक खरा मानायला तो याच्या पावणेतीन पटीहून जास्त हवा, म्हणजे सुमारे ३५ टक्के. २४ वर ३५ टक्के म्हणजे ३२ च्या वर. तेव्हा ३० ला ‘वाढ’ म्हणता येत नाही. खालच्या टोकाला इम्युनोअसेची सांडलवंड ८ टक्क्यांहून जास्तही असू शकते, मग तर आणखी सावध राहायला हवं. एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने, साधारण एकाच वेळी तपासत राहणं हा यावरचा स्वस्त उपाय.

केसांसाठी बायोटिन घेतो. त्याने फरक पडतो?

पडू शकतो. काही मशीनमध्ये अँटीबॉडी पकडायला बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिनची जोडी वापरतात. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं, आहारातल्या गरजेच्या कित्येक पट. ते रक्तात उरलं असेल तर स्पर्धेच्या चाचणीत एस्ट्रॅडिओल आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं, आणि टीएसएच खोटं कमी. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. नवी किट बायोटिनला बरीच दाद देत नाहीत, तरी दोन-तीन दिवस गोळी थांबवून रक्त द्यावं आणि लॅबला सांगावं. मास स्पेकला बायोटिनचा त्रास नाही.

औषधांत एक्झेमेस्टेन (ॲरोमॅटेज अडवणारं) आणि फुलव्हेस्ट्रंट (एस्ट्रोजेनचा संदेश अडवणारं) ही दोन लक्षात ठेवा. दोघांची बांधणी स्टेरॉइडची, त्यामुळे इम्युनोअसे त्यांनाच किंवा त्यांच्या अवशेषांना एस्ट्रॅडिओल समजू शकतं. एक्झेमेस्टेन घेणाऱ्याचं एस्ट्रॅडिओल प्रत्यक्षात पडलेलं असतं आणि रिपोर्ट ते ठणठणीत दाखवतो. जिममधून हे औषध मिळवून घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. ॲनास्ट्रोझोल आणि लेट्रोझोलही ॲरोमॅटेजच अडवतात, पण त्यांची बांधणी वेगळी, त्यांचा असा गोंधळ होत नाही.

रक्त कधी द्यावं?

सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, कारण सोबत टेस्टोस्टेरॉन बहुधा असतंच आणि त्याला सकाळ हवी. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू असेल तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी द्यावं, नाहीतर शिखरावरचा आकडा पाहून उगाच धास्ती बसते. जेल लावत असाल तर ज्या हातावर लावता त्या हातातून रक्त काढू देऊ नका.

मास स्पेकचे पैसे खर्च करणं खरंच गरजेचं कधी?

कमी आकडा महत्त्वाचा असतो तेव्हा. ॲरोमॅटेज अडवणारं औषध चालू आहे आणि एस्ट्रॅडिओल किती खाली गेलं ते बघायचंय. तरुण पुरुषाची हाडं विरळ निघाली आणि कारण सापडत नाही. प्रोस्टेट कर्करोगासाठी हार्मोन बंद करणारा उपचार चालू आहे आणि डॉक्टरांना एस्ट्रॅडिओलची पातळी हवी आहे. लहान मुलात वयात येण्याच्या खुणा लवकर दिसताहेत, जिथे आकडा पुरुषाहूनही कितीतरी खाली असतो. आणि साध्या चाचणीचा आकडा लक्षणांशी अजिबात जुळत नसेल तेव्हा.

उलट, छातीत गाठ वाढली आहे, दुखते आहे आणि साध्या चाचणीत एस्ट्रॅडिओल १२० आलं, तर मास स्पेकची वाट पाहत बसू नये. इतका वरचा आकडा इम्युनोअसे पुरेसा ओळखतं. तिथे पुढचं पाऊल म्हणजे वृषणांची तपासणी व सोनोग्राफी, बीटा-एचसीजी (वृषणातल्या काही गाठींत वाढणारं हार्मोन), यकृताच्या आणि थायरॉइडच्या चाचण्या. पद्धतीवर वाद घालण्यात दिवस घालवले आणि वृषणातली गाठ राहून गेली, तर त्या अचूकतेचा उपयोग काय? आकडा जास्त आणि लक्षण काहीच नाही, असं असेल तर मात्र आधी बायोटिन आणि औषधं तपासावीत. तरीही आकडा टिकला तर मास स्पेक.

वंध्यत्वाच्या डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन-एस्ट्रॅडिओल गुणोत्तर काढायला सांगितलंय. ते किती भरवशाचं?

नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमधलं टेस्टोस्टेरॉन भागिले पिकोग्रॅममधलं एस्ट्रॅडिओल. हे १० च्या खाली असेल तर काही डॉक्टर ॲनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोलचा विचार करतात. हा १० चा उंबरठा दोन दशकांपूर्वीच्या अभ्यासांतून आला. छेदातला आकडा लहान असल्याने त्यातली थोडीशी चूक सगळं गुणोत्तर हलवते. टेस्टोस्टेरॉन ३०० आणि एस्ट्रॅडिओल २८ असेल तर गुणोत्तर १०.७. तेच एस्ट्रॅडिओल ३३ दाखवलं गेलं तर ९.१. मधले पाच पिकोग्रॅम इम्युनोअसेच्या चुकीत सहज बसतात. ९ आणि ११ मध्ये काळं-पांढरं ठरवू नये, ५ आलं तर मात्र दखल घ्यावी.

टेस्टोस्टेरॉन सुरू आहे. दर महिन्याला एस्ट्रॅडिओल बघून ‘ब्लॉकर’ (ॲरोमॅटेज अडवणारी गोळी) घ्यावा का?

माझं स्पष्ट मत: नाही. टेस्टोस्टेरॉन वाढलं की त्यातून बनणारं एस्ट्रॅडिओलही वाढतं, हे अपेक्षितच आहे. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनात टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेटची चाचणी) यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय. नेहमीच्या तपासण्यांत एस्ट्रॅडिओल नाही. अमेरिकेच्या युरोलॉजी संघटनेने उपचार सुरू करण्याआधी स्तनांची लक्षणं असतील तर ते मोजायला सांगितलं. साध्या इम्युनोअसेचा ४५ पाहून ॲनास्ट्रोझोल सुरू केलं आणि खरं एस्ट्रॅडिओल ३० होतं, तर ते ८ वर जाऊ शकतं. मग सांधे दुखतात, इच्छा मरते, आणि हाडांचं नुकसान गुपचूप चालू राहतं.

मास स्पेक चुकत नाही का?

चुकतं की. ही पद्धत लॅब बहुधा स्वतः उभी करते. मोजमाप जुळवण्याचं द्रावण, स्तंभ, सॅम्पल काढण्याची रीत, सगळं तिथल्या माणसांच्या हातावर असतं. म्हणून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने हार्मोन चाचण्यांच्या प्रमाणीकरणाचा उपक्रम चालवला आहे. एस्ट्रॅडिओल २० पिकोग्रॅमच्या वर असेल तर लॅबचा सरासरी कल खऱ्या किमतीच्या १२.५ टक्क्यांच्या आत हवा, आणि २० किंवा त्याखाली असेल तर २.५ पिकोग्रॅमच्या आत. या कसोटीला उतरलेल्या लॅब आणि किट यांची यादी सीडीसी प्रसिद्ध करते. आपली लॅब त्या यादीत असण्याची शक्यता कमी. पण बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत या चाचणीचे तिचे मागचे निकाल कसे आले, हे लॅबला विचारता येतं. जी लॅब न कुरकुरता दाखवते तिथे रक्त द्यावं.